नेट गेलं म्हणजे डाव गेला?

लालबर्रा, वारासिवनी, कटंगी या पट्ट्यात मोबाइलवर स्पर्धा खेळणारी पोरं आता प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्सची स्पर्धा लागते, व्हॉट्सॲपवर रूम आयडी आणि पासवर्ड येतो, चौघं मिळून खेळायला बसतात. ऐन शेवटच्या झोनमध्ये कुणाचं तरी नेट जातं आणि भांडण सुरू होतं. त्या भांडणात दोन्ही बाजूंनी जे बोललं जातं, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. ते तपासून पाहायला हवं, कारण महिनोन्‌महिने सराव केलेल्या मुलाचा निकाल त्यावर ठरतो.

गैरसमज : नेट तुझं, नुकसानही तुझंच. आयोजकाचा काय संबंध?

हे वाक्य स्थानिक आयोजकांच्या तोंडी सर्रास असतं. ते कितपत खरं, हे पाहायला आपल्याला लांब जायची गरज नाही. नागपूरची एक मुलगी पुरेशी आहे.

ऑगस्ट २०२० मध्ये कोरोनामुळे बुद्धिबळाचं ऑलिंपियाड पहिल्यांदाच ऑनलाइन झालं. भारताचा कर्णधार होता नाशिकचा विदित गुजराथी आणि संघात होती नागपूरची दिव्या देशमुख, तेव्हा अवघी १४ वर्षांची. ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम सामना होता. पहिली फेरी ३-३ अशी सुटली. दुसऱ्या फेरीत दिव्या आणि संघातलाच निहाल सरीन या दोघांचाही सर्व्हरशी संपर्क तुटला. ऑनलाइन बुद्धिबळात घड्याळ सर्व्हरवर चालतं. खेळाडूच्या समोरचा पडदा गोठला तरी ते घड्याळ थांबत नाही. दोघांचीही वेळ संपली, दोन्ही डाव हरल्याची नोंद झाली आणि फेरी रशियाकडे गेली.

भारतानं अपील केलं. त्या दिवशी नेमकं काय झालं होतं, याचा पुरावा उपलब्ध होता. अमेरिकेतल्या सेंच्युरीलिंक या कंपनीच्या जाळ्यात एक चुकीची सूचना पसरली होती. त्यामुळे क्लाउडफ्लेअरसारख्या सेवा आणि त्यांच्यावर चालणाऱ्या असंख्य साइट्स काही तास कोलमडल्या होत्या. म्हणजे बिघाड नागपूरच्या घरातल्या राउटरमध्ये नव्हताच. अपील समितीनं, ज्या साइटवर हे डाव चालले होते त्या चेस डॉट कॉमकडची नोंद आणि इतर माहिती तपासली. समितीचं एकमत झालं नाही. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष अर्काडी द्वोरकोविच यांनी भारत आणि रशिया या दोघांनाही सुवर्णपदक दिलं.

तर वस्तुस्थिती अशी : नेट नेमकं कुठं तुटलं हे शोधणं ही आयोजकाची जबाबदारी आहे. खेळाडूच्या घरातलं तुटलं तर नुकसान त्याचं, हा नियम असू शकतो. पण 'घरातलंच तुटलं' हे आधी ठरवलं पाहिजे, आणि ते ठरवायला नोंद लागते, अपील ऐकणारं कुणीतरी लागतं.

गैरसमज : मग अडचण आली की सामना पुन्हा खेळवलाच पाहिजे.

नाही. त्याच ऑलिंपियाडमध्ये, अंतिम सामन्याच्या दोनच दिवस आधी, उपांत्यपूर्व फेरीत उलटं घडलं होतं. आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानचा संपर्क तुटला आणि तो निहालकडून वेळेवर हरला. आमचं इंटरनेट चालू होतं, असं आर्मेनियाचं म्हणणं होतं. अपील फेटाळलं गेलं, निषेध म्हणून आर्मेनियानं माघार घेतली आणि भारत पुढं गेला. आपल्या आनंदात आपण ही बाजू विसरतो. माझ्या मते त्या स्पर्धेतला हा सगळ्यात दुखरा भाग आहे : एकाच आठवड्यात दोन सारख्या दिसणाऱ्या घटना, दोन निकाल. समितीचं बरोबर की चूक, हा वेगळा वाद. पण असा निकाल कुणालाही पटायचा असेल तर कोणता पुरावा चालेल हे स्पर्धेआधी सांगितलेलं असावं लागतं.

बीजीएमआयमध्ये तर अडचण आणखी मोठी. काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळात सामना थांबवता येतो. इथं १६ संघ, ६४ खेळाडू एकाच नकाशावर असतात. एकाचं नेट गेलं म्हणून ६३ जणांना गोठवता येत नाही. म्हणून फेरसामना केव्हा आणि कितीजण बाहेर पडले तर, याचा आकडा नियमात लिहावा लागतो. सामना सुरू झाल्यावर ठरवलेला आकडा कुणाच्या तरी बाजूचाच वाटतो.

गैरसमज : टॉवरच्या काड्या भरलेल्या आहेत, म्हणजे नेट चांगलं आहे.

काड्या फक्त तुमच्या फोनला टॉवरचा सिग्नल किती जोरात मिळतो ते सांगतात. त्या टॉवरवर त्या क्षणी किती लोक आहेत, हे सांगत नाहीत. खेळाडूनं पाहायचा असतो तो पडद्यावरचा पिंगचा आकडा : तुमचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले. ३० ते ६० च्या आसपास स्थिर राहिला तर खेळ बरा चालतो. तोच ४० वरून २५० वर आणि पुन्हा ४० वर उड्या मारू लागला, की समोरचा गडी भिंतीआड गेल्यावरही तुम्हाला उघड्यावर दिसतो आणि तुमच्या गोळ्या वाया जातात. रात्री सगळं गाव व्हिडिओ पाहत असताना स्पर्धा ठेवली तर हेच होणार. वेळ ठरवणारा आयोजकच असतो.

हा आकडा किती गंभीरपणे घेतला जातो, ते मे २०२२ मध्ये दिसलं. लीग ऑफ लेजंड्स या संगणकावरच्या खेळाची एमएसआय ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा कोरियातल्या बुसानमध्ये होती, पण चीनचा आरएनजी संघ कोरोनाच्या निर्बंधांमुळे आपल्या देशातूनच खेळत होता. सगळ्यांना समान वागणूक मिळावी म्हणून खेळ बनवणाऱ्या रायट गेम्सनं प्रत्येकाचं पिंग मुद्दाम ३५ मिलिसेकंदांवर बांधलं. बुसानमधले खेळाडू तक्रार करू लागले की हात जड वाटतोय. तपासल्यावर मोजणाऱ्या साधनातच चूक निघाली. प्रत्यक्षातला उशीर दाखवलेल्या आकड्यापेक्षा जास्त होता. रायटनं चूक जाहीर केली आणि आरएनजीचे तोवर झालेले तीन सामने पुन्हा खेळवले. आरएनजीनं ते पुन्हा जिंकले, पुढं स्पर्धाही जिंकली. खेळाडूची तक्रार म्हणजे रडगाणं, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गैरसमज : मोठ्या स्पर्धांत असं काही होतच नाही.

होतं, आणि भरपूर होतं. २०१२ मध्ये लॉस एंजेलिसला लीग ऑफ लेजंड्सच्या जागतिक स्पर्धेत एका उपांत्यपूर्व सामन्यात इंटरनेट वारंवार तुटलं. तासन्‌तास प्रेक्षक बसून राहिले, शेवटी सामना पुढं ढकलावा लागला. २०१६ मध्ये डोटा-२ या खेळाच्या शांघाय मेजर स्पर्धेचं आयोजन इतकं ढिसाळ झालं की खेळ बनवणाऱ्या वाल्व्हनं स्पर्धा चालू असतानाच प्रक्षेपणाची निर्मिती करणारी कंपनी बदलली. २०२४ च्या सुरुवातीला कोरियाच्या एलसीके लीगवर सर्व्हर जाम करणारे हल्ले झाले, तेव्हा काही सामने प्रेक्षकांविना आधी खेळवून नंतर प्रक्षेपित करावे लागले. मोठ्या आयोजकांकडेही बिघाड होतात. फरक इतकाच की ते झाकून ठेवणं त्यांना परवडत नाही.

गैरसमज : पडद्यावर चीट दिसलं, म्हणजे पोरगा चोर.

बऱ्याचदा असतोही. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला ऑप्टिक इंडियाच्या एका खेळाडूच्या संगणकात फसवणुकीचं सॉफ्टवेअर सापडलं आणि अख्खा संघ बाद झाला. भारतीय ई-स्पोर्ट्सची ती मोठी नाचक्की होती. पण तिथं आयोजकांनी संगणक जागेवर तपासला, मग निर्णय दिला. उलट मार्च २०२४ मध्ये एपेक्स लेजंड्सच्या उत्तर अमेरिकेच्या अंतिम फेरीत भर सामन्यात दोन नामांकित खेळाडूंच्या पडद्यावर चीट आपोआप सुरू झालं. बाहेरच्या कुणीतरी घुसून ते केलं होतं. सामने पुढं ढकलले गेले, खेळाडू निर्दोष होते. गावातल्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकून मुलाला बदनाम करणाऱ्यांनी या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात.

गैरसमज : २०२५ च्या कायद्यानं हे सगळं बंद झालं.

पालकांचा हा समज मला वारंवार ऐकू येतो. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं बंदी घातली ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्सला याच कायद्यानं वेगळी मान्यता दिली, आणि डिसेंबर २०२२ पासून तो विषय केंद्रीय युवा व क्रीडा मंत्रालयाकडे आहे. कामगिरीवर बक्षीस चालतं. नोंदणी फीही चालते, मात्र ती केवळ प्रवेशापुरती किंवा व्यवस्थापनाच्या खर्चापुरती. त्यामुळे पोरांकडून पन्नास-पन्नास रुपये गोळा करून त्याच पैशाचं बक्षीस वाटणाऱ्यांनी आधी एखाद्या वकिलाला विचारावं.

राहता राहिली गावातल्या आयोजकाची गोष्ट. त्याच्याकडे रायटसारखी यंत्रणा नाही, हे मान्य. पण एक कागद सगळ्यांकडे असतो. फेरसामना केव्हा, अपील कुणाकडे आणि किती वेळात, पुरावा म्हणून काय चालेल, स्पर्धा रद्द झाली तर फी किती दिवसांत परत, आणि निर्णय देणारा माणूस कोणत्याही संघाचा नातलग नाही, एवढं त्यावर लिहिलं की अर्धी भांडणं मिटतात. खेळाडूंनीही सामनाभर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवावं. पिंगचा आकडा त्यात दिसतो. दिव्याच्या संघाला न्याय मिळाला तो नोंद होती म्हणून. तीच दिव्या जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली.

लालबर्ऱ्यातल्या पोरांनो, पुढच्या स्पर्धेची फी भरण्याआधी आयोजकाकडे नियमांचा कागद मागा. तो नसेल तर स्लॉट घेऊ नका.