सोंगटी का थांबते?



कॅरमच्या पटावर टोला बसताच सोंगटी सरकत जाते आणि थांबते. ती का थांबते? बल संपले की गती संपते. स्थिर होणे हा जड वस्तूचा स्वभावच आहे, असे ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचे उत्तर होते. युरोपात ते शतकानुशतके प्रमाण मानले गेले.

गॅलिलिओने गुळगुळीत पन्हळीतून गोळे सोडून पाहिले. उतारावर वेग वाढतो, चढावर घटतो. मग सपाट जागी, अडथळा नसेल तर, तो कायम राहिला पाहिजे, असा त्याने निष्कर्ष काढला. १६८७ मध्ये न्यूटनने गतीचा पहिला नियम म्हणून हेच तत्त्व मांडले. सोंगटीला थांबवते ते घर्षण, म्हणजे पृष्ठभागांच्या सरकण्याला विरोध करणारे बल. पटावर पावडर टाका. टोला तेवढाच, पण सोंगटी दूर जाते.

घर्षण शत्रू मात्र नव्हे. त्याच्याच आधाराने पाऊल जमिनीला मागे रेटते आणि जमीन आपल्याला पुढे ढकलते. तेलकट फरशीवर हा आधार सुटतो.

केवळ परंपरेने वा ग्रंथाने सांगितले म्हणून स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. मागे राहणे हा तुमचा स्वभावधर्मच आहे, असे आपल्या समाजालाही पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. तो स्वभाव नव्हे, बाहेरून लादलेला अडथळा आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. म्हणून चालती गोष्ट थांबली, की आधी विचारा : तिला कोणत्या बलाने अडवले?