पडद्यावरचे घर आणि आपले घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. या दोन्ही कामांत पैसा किती जाईल आणि दिवस किती लागतील, याचा अंदाज भल्याभल्यांना येत नाही. आता मात्र घरोघर मोबाईल आला आहे, आणि पडक्या घराचा तासाभरात बंगला झालेला त्यावर रोज पाहावयास मिळतो. मुले-सुना ते पाहतात आणि घरात विषय निघतो. मधली भिंत काढू, स्वयंपाकघर मोकळे करू, पश्चिमेला मोठी काच लावू. स्थळ पाहायला येणारी मंडळीही हल्ली आधी घराकडे पाहतात.

हौस असण्यात गैर काही नाही. परंतु या हौसेपायी कोठे एखादा एकर विकला जातो, कोठे घरातले सोने गहाण पडते. म्हणून, शेतकरी बंधु-भगिनींनो, या कार्यक्रमांविषयी चार शब्द सांगावेसे वाटतात.

हे कार्यक्रम आले कोठून?

यांचे माहेरघर अमेरिका. तेथे 1979 साली बोस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राने 'धिस ओल्ड हाऊस' ही मालिका सुरू केली. जुन्या घराची दुरुस्ती कारागीर कशी करतात, ते तीत एकेक काम दाखवून समजावले जाई. पुढे डिसेंबर 1994 मध्ये घर या एकाच विषयाला वाहिलेली 'एचजीटीव्ही' ही वाहिनी आली आणि शिकवण्यापेक्षा करमणुकीला महत्त्व आले.

त्या वाहिनीवरील 'हाऊस हंटर्स' या मालिकेत एखादे कुटुंब तीन घरे पाहते आणि एक पसंत करते. तीत भाग घेतलेल्या एका बाईंनीच 2012 साली सांगितले की, त्यांनी घर आधीच विकत घेतले होते. बाकीची दोन घरे त्यांच्या ओळखीच्या लोकांची होती, ती विकावयाचीही नव्हती!

2003 साली दुसऱ्या एका वाहिनीवर 'एक्स्ट्रीम मेकओव्हर : होम एडिशन' ही मालिका सुरू झाली. तीत गरजू कुटुंबाला सात दिवसांत नवे घर बांधून देत. शेकडो माणसे रात्रंदिवस राबत आणि बरेचसे सामान देणगीत येई. घर मोठे झाले तसा त्याचा कर वाढला, विजेचे बिलही वाढले, आणि काही कुटुंबांना ते पेलेना. जॉर्जिया राज्यातील एका कुटुंबाने अशा घरावर मोठे कर्ज काढले. ते फिटले नाही आणि 2008 साली घरावर जप्तीची वेळ आली. घर फुकट मिळाले तरी ते सांभाळणे फुकट नसते.

प्रात्यक्षिकाच्या प्लॉटसारखे पाहा

बियाण्याच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर गेल्यावर आपण नुसता उतारा पाहून बी घेत नाही. जमीन कोणती, पाण्याच्या पाळ्या किती, खत किती, मजुरी कोणी भरली, हे सर्व विचारतो. घराचा कार्यक्रम पाहतानाही हेच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न भिंतीचा. अमेरिकेतील बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची असतात. आतल्या बाजूने जिप्समचे पातळ तक्ते ठोकलेले असतात. त्यामुळे तेथे आतली भिंत घणाच्या चार घावांत पडते. छताचा भार पेलणारी भिंत असेल, तर तेथेही आधी तुळई घालावी लागते. आपली जुनी घरे दगड, माती, विटांची. त्यांतली मधली भिंत बहुधा छताचा भार घेऊन उभी असते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा मोठा भार, हे त्या हानीचे प्रमुख कारण होते. तेव्हा जाणत्या अभियंत्याला दाखविल्याशिवाय कोणत्याही भिंतीला घण लावू नका.

दुसरा प्रश्न दिवसांचा. काँक्रीटची ताकद 28 दिवसांची धरून मोजतात. स्लॅबवर आळी करून निदान 7 दिवस, आणि राख मिसळलेले सिमेंट असेल तर निदान 10 दिवस, पाणी साठवून ठेवावे लागते. म्हणजे पडद्यावर जेवढ्या दिवसांत घर उभे राहते, तेवढे दिवस आपल्याला नुसत्या स्लॅबला पाणी द्यावयाचे असते. कोवळ्या पिकाला पाण्याचा ताण बसला की पुढे खत टाकून भरून येत नाही, तसेच काँक्रीटचे आहे.

तिसरा प्रश्न जमिनीचा. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, हे तुम्हाला सांगावयास नको. त्या हालचालीबरोबर वरची भिंतही हलते. म्हणून पाया काळी ओलांडून घट्ट मुरमापर्यंत न्यावा. काळीचा थर फार खोल असेल तर अभियंत्याचा सल्ला घ्यावा. जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरावा. घराभोवती उताराची फरसबंदी करून पावसाचे पाणी लांब काढावे. हा खर्च कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण भिंतीला तडे गेले की वरचा महागडा रंग निरुपयोगी ठरतो.

चौथा प्रश्न वापराचा. पडद्यावरच्या पांढऱ्याशुभ्र दिवाणखान्यात धान्याची पोती, भिजलेले बारदान किंवा चिखलाचे पाय कोठे दिसतात? आपल्या घराला पडवी हवी, धान्याला कोरडी हवेशीर खोली हवी. फवारणीच्या औषधांना घराबाहेर कुलूपबंद जागा हवी. पश्चिमेच्या काचेतून मार्च ते मे ऊन आत येईल आणि पंखाही गरम वारा देईल. गुळगुळीत फरशीवर पाणी सांडले की म्हातारी माणसे घसरतात. न्हाणीत खरखरीत फरशी आणि धरायला दांडी लावा. तिचा खर्च थोडा आणि उपयोग मोठा.

शहरात फ्लॅट घेताना

मुलासाठी पुण्या-नाशकात फ्लॅट पाहावयास गेलात, तर तेथेही सजविलेला नमुन्याचा फ्लॅट दाखवितात. त्यातले फर्निचर किमतीत धरले आहे काय, ते लेखी मागा. स्थावर संपदा कायद्याखाली महाराष्ट्रात 2017 पासून महारेरा काम करते. प्रकल्पाची नोंदणी तिच्या संकेतस्थळावर पाहता येते. घराचा भाव चटई क्षेत्रावर, म्हणजे आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर, समजून घ्या. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बिल्डरला कायद्याने मनाई आहे. जमीन विकून पैसा नेणार असाल, तर हे नियम आधी घरात सर्वांना वाचून दाखवा.

गावातले घर एका वर्षात पुरे झालेच पाहिजे असे नाही. यंदा जोते, पुढल्या सुगीला भिंती आणि छत, त्यानंतर रंग, असे बेताबेताने केले तर व्याजाचा बोजा कमी होतो. मात्र अंदाजपत्रक सुरुवातीलाच पुरे करा आणि त्यात अडीअडचणीसाठी काही रक्कम बाजूला ठेवा. मुला-सुनांच्या आवडीलाही जागा ठेवा. खिडकी कोठे, ओटा केवढ्या उंचीचा, हे स्वयंपाक करणारीने ठरवावे. पाया, पाणी आणि छत यांचा पैसा आधी काढून ठेवावा आणि उरलेल्यातून हौस भागवावी. रंग पुढल्या वर्षी बदलता येतो, पाया बदलता येत नाही.