छापण्याच्या फळीवरील जुनी चिकटपट्टी

आमच्या सोलापूर शहराचें नांव घेतलें कीं, परगांवच्या माणसास प्रथम चादर आठवते व मग टॉवेल. १८७७ सालीं सुरू झालेली येथील जुनी गिरणी आतां इतिहासजमा झाली आहे. परंतु कापडाशीं जडलेलें या शहराचें नातें तुटलेलें नाहीं. अलीकडील काळांत शालेय गणवेश शिवण्याचा धंदा येथें चांगलाच वाढला, व त्याबरोबर खेळाच्या सदऱ्यांवर शाळांचीं नांवें व बोधचिन्हें छापण्याचें कामहि वाढलें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं किंवा शेजारीं असें काम चालत असेल. म्हणून या कामांतील एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती गोष्ट म्हणजे छापण्याच्या फळीवरील जुनी चिकटपट्टी काढणें.

साच्यांतून कापडावर रंग उतरविण्याची कला पूर्वेकडील देशांत फार जुनी आहे. रेशमी जाळीनें छापण्याच्या रीतीचें पेटंट मँचेस्टर येथील सॅम्युअल सायमन यांनीं १९०७ सालीं घेतलें. आज रेशमाऐवजीं कृत्रिम धाग्याची जाळी असते, एवढाच काय तो फरक. चौकटीवर ताणलेल्या जाळीचा, चित्राव्यतिरिक्तचा भाग बुजवून टाकितात. सदरा एका सपाट फळीवर चढवितात, वर ती चौकट आणितात, व रबरी पट्टीनें रंग ओढला म्हणजे तो उघड्या छिद्रांतून कापडावर उतरतो. या फळीस कारागीर पॅलेट म्हणतात. ती लांकडाची किंवा ॲल्युमिनियमची असते. कधीं तिच्यावर रबर बसविलेलें असतें.

छापतांना सदरा केसभरहि हलतां कामा नये. नाहीं तर दुसरा रंग पहिल्याच्या शेजारीं न बसतां त्याच्यावर चढतो. म्हणून फळीवर चिकट द्रव तरी लावितात, किंवा रुंद चिकटपट्टी तरी पसरितात. पट्टीमुळें फळी रंगापासून सुरक्षितहि राहते. पण प्रत्येक सदरा उचलतांना आपले बारीक तंतु मागें ठेवून जातो. शंभर-दोनशें सदरे निघाले कीं, पट्टीवर तंतूंची लव सांचते व तिचा चिकटपणा सरतो. आतां ती काढावी हें योग्य. परंतु घाई असते, म्हणून तिच्यावरच दुसरी पट्टी चढते, व कांहीं दिवसांनीं तिसरी. पट्ट्यांना सुरकुत्या पडतात, कडा उंचावतात. जाळी व कापड यांमध्यें जेथें दोन-तीन मिलिमीटरांचेंच अंतर राखावयाचें, तेथें अशी एक वळी पुरेशी होते. तिच्यावर रंग दाट बसतो, शेजारीं विरळ बसतो, आणि शाळेच्या नांवांतील एखादें अक्षर तुटकें उमटतें.

वस्तुतः सहज निघावी याच हेतूनें अशी पट्टी जन्मास आली. १९२५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतीं रिचर्ड ड्र्यू यांनीं मोटारी रंगविणाऱ्यांकरितां ती तयार केली. रंगाची सीमा आंखण्यासाठीं लाविलेला कागद काढतांना खालचा रंग उखडे. तो उखडूं नये म्हणून हा शोध लागला. मग आमच्या फळीवरची पट्टी हट्ट कां धरिते? याचें कारण काळ व उष्णता. दोन रंगांच्या मध्यें पहिला रंग सुकविण्यासाठीं फळीवर तापकयंत्र आणितात. ती उष्णता रंगाबरोबर पट्टीसहि लागते. रबरी डिंक हवेंतील प्राणवायूनें हळूहळू बदलतो. आरंभीं तो मऊ व चिकचिकीत होतो, पुढें कडक व ठिसूळ होतो. कागद जीर्ण होतो व ओढतांच फाटतो.

या ठिकाणीं कारागिराचा हात पेट्रोलकडे किंवा थिनरकडे वळतो, व याच गोष्टीकरितां आम्ही हा लेख लिहीत आहों. द्रव स्वतः पेटत नाहीं, त्याची वाफ पेटते. पेट्रोलपासून अशी वाफ शून्याखालीं ४० अंशांवरहि निघत असते. म्हणजे आमच्याकडील कोणत्याहि ऋतूंत तें निर्धोक नाहीं. थिनरची गोष्ट फारशी निराळी नाहीं. रॉकेल यांहून सौम्य खरें. त्याची वाफ पेटण्याजोगी होण्यास सुमारें ४० अंशांची उष्णता लागते. परंतु गणवेशाच्या कामाची गर्दी जूनपूर्वीं, एप्रिल-मे महिन्यांत असते, व त्या दिवसांत सोलापुरांत पारा ४० अंशांच्या वर जातो! जें रॉकेल पौषांत निरुपद्रवी, तेंच वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं धोक्याचें होतें. ही वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरत जाते, आणि कोपऱ्यांतील यंत्राची ठिणगी तिला पुरते.

१८ मे २०२५ रोजीं येथील अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत एका टॉवेल कारखान्यास आग लागून आठ जीव गेले. त्या आगीशीं द्रावकाचा संबंध आम्ही जोडीत नाहीं. सूत आणि कापड जेथें भरलेलें असतें तेथें आग लागल्यावर पळावयास किती थोडा वेळ मिळतो, एवढेंच त्या दिवसानें आम्हां सर्वांस शिकविलें.

मग पट्टी काढावी कशी? प्रथम डिंक कोणत्या जातीचा तें पाहावें. एका कोपऱ्यावर ओलें फडकें पांच मिनिटें ठेवावें. डिंक पांढुरका होऊन सुटूं लागला तर तो पाण्याचा. कोमट पाणी व कुंचा यांनीं काम भागतें. सुटला नाहीं तर उष्णतेचा आश्रय करावा. ज्या ऊन्हास आपण दोष देतों, तेंच येथें मदतीस येतें. फळी उघडून अर्धा तास उन्हांत ठेवावी. हातास गरम लागेल इतकीच ती तापावी. त्याहून अधिक तापल्यास डिंक पातळ होऊन अर्धा पट्टीबरोबर येतो व अर्धा फळीवर राहतो. मग एक कड नखानें उचलून पट्टी स्वतःवर दुमडून, फळीलगत, संथपणें ओढावी. हिसका दिल्यास डिंकाचा विरोध वाढतो व कागद फाटतो. सावकाश ओढल्यास थोड्या जोरानें पट्टी अखंड निघते. थर अनेक असल्यास एकेक काढावा. लोखंडी पात्यानें खरवडूं नये. त्याचे ओरखडे फळीवर कायमचे राहतात. प्लॅस्टिकची किंवा लांकडाची बोथट पट्टी पुरते.

मागें राहिलेल्या डिंकावर खाण्याचें तेल चोळून पंधरा-वीस मिनिटें थांबावें. तेल रबरी डिंकांत मुरतें व त्याची पकड ढिली करितें. मग तो फडक्यानें गोळा होऊन येतो. आमच्या जिल्ह्यांत करडईचें तेल घरोघरीं परिचयाचें आहे, परंतु येथें एक सावधगिरी हवी. जवसाच्या तेलाप्रमाणें करडईचें तेलहि उघड्या हवेंत राहिल्यास स्वतःच आळून चिकट होतें. म्हणून तें त्याच वेळीं साबणाच्या पाण्यानें धुऊन काढावें. धुतलें नाहीं तर नवी पट्टी धरणार नाहीं, आणि पहिल्याच सदऱ्यावर तेलाचा डाग पडेल. लांकडी फळीवर तेल बेतानेंच लावावें. रबर बसविलेल्या फळीवर तेल किंवा रॉकेल दोन्ही वर्ज्य समजावीं, कारण त्यांनीं रबर फुगतें.

इतक्यानेंहि न निघणारा डिंक उरलाच, तर फळी पूर्ण निवल्यावर, सकाळच्या गारव्यांत, अंगणांत, फडकें रॉकेलानें नुसतें ओलसर करून तो पुसावा. जवळ विस्तव, विडी किंवा चालतें यंत्र नसावें. तेलकट चिंध्यांचा ढीग करून ठेवूं नये, कारण आळणाऱ्या तेलाच्या चिंध्या एकत्र दडपल्या असतां आपोआप तापूं लागतात. त्या पसरून वाळवाव्या व झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत टाकाव्या. उरलेलें रॉकेल गटारांत ओतूं नये.

या सर्व कृतीस एक-दीड तास लागतो. पेट्रोलनें दहा मिनिटें लागतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण प्रत्येक पट्टी सरतांच काढली तर एवढा तासहि लागत नाहीं. तो लागतो तो पांच पट्ट्यांच्या आळसाचा. नव्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्रास लावूं नये, हा दृष्टांत आमच्या वाचकांनीं प्रार्थनेच्या तासास ऐकला आहे. जुन्या पट्टीवर नवी चढवितांना तो त्यांस आठवावा. आणि सुटींत वडिलांच्या किंवा मामांच्या छापखान्यांत हातभार लावणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं यंदा पेट्रोलची बाटली पुढें आली, तर नम्रपणें म्हणावें, "थांबा, मी फळी उन्हांत ठेवितों."