होळीआधी परसबाग आवरा, मे महिन्यात भाजी तोडा



गटाच्या बैठकीत परसबागेचा विषय निघाला की बहुतेक गावांत एकच उत्तर मिळतं, "पावसाळ्यात मस्त होती, आता वाळली." जूनमध्ये बियाणं पडतं, दिवाळीला सांदवाडीत वांगे, पालक, मेथी, सांभार सगळं असतं. संक्रांत गेली की वाफे उघडे पडतात आणि होळीला तिथे बकऱ्या बसतात. मग एप्रिल-मे मध्ये बाजारात भाजी महाग होते, शेतातली मजुरीही कमी झालेली असते, आणि ताटात उरतं वरण नाहीतर बेसन. घरात थोडीच भाजी असली तर ती आधी कोणाच्या ताटात जाते आणि शेवटी कोण चटणी-भाकर खातं, हे आपल्याला माहीतच आहे.

खरं तर लोहाची गरज बाईला जास्त असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह लागतं, तर पाळी येणाऱ्या बाईला 29 मिलिग्रॅम. म्हणून उन्हाळ्यातली परसबाग हा आपल्या रक्ताचा प्रश्न आहे.

"पण पाणी कुठून आणू?"

हा प्रश्न अगदी बरोबर आहे. पाणी भरणारी बाईच असते. परसबागेसाठी जादा गुंड डोक्यावर घ्यावा लागला, तर ती बाग आपल्याला परवडणारी नाही. म्हणून पाणी वाढवायचं नाही, आहे ते पाणी उडू द्यायचं नाही.

आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. काळी माती पाणी चांगलं धरते, पण सुकली की तिला भेगा पडतात. त्या भेगांतून खालची ओलही निघून जाते आणि मुळं तुटतात. उघड्या वाफ्याला दुपारी टाकलेलं पाणी तर झाडाला मिळायच्या आधीच उडतं. सेवाग्राम आश्रमात भर उन्हाळ्यात गेलात तर झाडांची सावली, मातीच्या भिंती आणि कवेलूंमुळे बरं वाटतं. भाजीच्या मुळांनाही तसंच घर करून द्यायचं आहे.

बाग अशी आवरा

1. वाफा खोलगट करा. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचतं म्हणून आपण गादीवाफे करतो. उन्हाळ्यात उलटं करायचं. जमिनीपेक्षा चार-सहा इंच खोल वाफा केला की पाणी आतच राहतं. वीतभर माती मोकळी करून त्यात कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण टाकू नका, त्याने मुळं भाजतात आणि उधळी येते. रुंदी 4 फूट ठेवा, म्हणजे आत पाय न देता दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो.

2. माती झाका. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, वाळलेला पाला, जे असेल त्याचा तीन-चार इंच थर द्या. फक्त खोडापासून दोन-तीन बोटं लांब ठेवा, नाहीतर खोड सडतं. विंचू-किड्याची भीती असते, म्हणून काडीने हलवून मगच हात घाला.

3. पश्चिमेला सावली करा. सकाळचं ऊन भाजीला हवं असतं, दुपारचं मारतं. पऱ्हाटी आणि तुराट्यांचा ताटवा पश्चिमेला उभा करा किंवा जुनं लुगडं बांधा. त्याच ताटव्यावर दोडका नाहीतर काकडी चढवा. वरून पूर्ण झाकू नका, फूल धरत नाही.

4. मटका पुरा. जुन्या मटक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घाला आणि मटका गळ्यापर्यंत वाफ्यात पुरा. पाणी हळूहळू थेट मुळांशी जातं. तोंड झाकून ठेवा, म्हणजे डास होत नाहीत.

5. मोरीचं पाणी वाटून वापरा. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी थेट वाफ्याला द्या. साबणाचं पाणी केळी आणि शेवग्याच्या बुडाशी सोडा. सांभार, पुदिना यांसारख्या कच्च्या खायच्या भाजीला ते देऊ नका. संडासाचं पाणी कुठेच नको.

सावली आणि कुटार असेल तर 4 बाय 8 फुटांच्या वाफ्याला रोज साधारण एक बादली पुरते. मातीप्रमाणे थोडं कमी-जास्त होईल. बोट दोन पेरं आत घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. पाणी सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावरच द्या. तुम्हीही दुपारच्या उन्हात बागेत जाऊ नका.

काय लावायचं?

पालक उन्हात लगेच फुलावर येतो. भेदरांचं फूल 35 अंशांच्या वर गळायला लागतं. त्यांच्या मागे लागू नका. चवळाई, भेंडी, गवार, चवळी, दोडका, काकडी ही ऊन सोसणारी मंडळी आहेत. मोरीजवळ ओल राहते तिथे अळू लावा. चवळाईचं बी एकदम टाकू नका. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं टाकलं की भाजी सलग मिळते.

शेवगा मात्र प्रत्येक घरी हवाच. एकदा धरला की फारसं पाणी मागत नाही. शेंगा संपल्या की फांद्या छाटा, नवा पाला हाताशी येतो. शेवग्याच्या पाल्यात आणि चवळाईत लोह आहे. त्यावर लिंबू पिळलं की ते अंगी लागतं, पण जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी मिळतं. तासभर थांबा. आणि हो, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर भाजी मिळते म्हणून त्या बंद करू नका.

माव्यासाठी विकतचं औषध आणायची गरज नाही. 50 ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून संध्याकाळी फवारा. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर पडतात, तेव्हाच वेचून वाळवून ठेवा.

गटाने काय करायचं?

या कामासाठी गटातून कर्ज घेऊ नका, लागत नाही. मटका, कुटार, तुराट्या घरच्याच आहेत. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचं एक तरी बियाणं राखेत घोळून आणायचं आणि वाटून घ्यायचं. ज्या ताईकडे अंगणच नाही, तिला शेजारणीच्या सांदवाडीतला एक वाफा द्यावा, भाजी दोघींनी वाटून घ्यावी. मे महिन्याच्या बैठकीत विकत न आणलेल्या भाजीचा हिशोब प्रत्येकीने सांगायचा आणि तो सचिव ताईंनी इतिवृत्तात लिहायचा. पैसे किती वाचले ते लिहाच, पण त्यातली भाजी तुमच्या स्वतःच्या ताटात किती दिवस आली, तेही लिहा.

– तुमची क्षेत्र समन्वयक