मळीचा वास येईपर्यंत

इंदापूरहून बारामतीला येणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी येऊन बसली. मांडीवर डब्याची पिशवी, पिशवीवर दहावीचं बीजगणित, आणि ओठ हलताहेत. जानेवारीतली सकाळ, खिडक्या बंद. सणसर मागं पडलं आणि भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या मळीचा तो आंबूस-गोड, घशाला चिकटणारा वास गाडीत शिरला. तिनं चटकन पुस्तक मिटलं. मला वाटलं, मळमळतंय हिला. मी पाण्याची बाटली पुढं केली.

"नको ताई. वास आला की पुस्तक मिटायचं, असं ठरवलंय. हितनं स्टँडपर्यंत तोंडी म्हणायचं. पुस्तक उघडं असलं की सगळं येतंय असं वाटतं. मिटल्यावर कळतं काय राहिलंय."

त्या दिवशीचं माझं काम निराळं होतं. त्यानंतर मात्र मी त्या रस्त्यावर चार वेळा गेले, ती तिच्यासाठीच.

वय एकतीस. मुलगी चौथीत. दहावीचं वर्ष अर्ध्यावर असताना हिचं लग्न झालं. कायद्याचं वय झालं नव्हतं, आणि मांडवात कुणी ते विचारलंही नाही. तीन वर्षांपूर्वी ती मुलीला घेऊन माहेरी आली, अंथुर्ण्याच्या अलीकडच्या एका वस्तीवर. फारकत झालेली नाही, पोटगीच्या तारखा चालू आहेत. बारामतीच्या एमआयडीसीत कपड्याच्या एका कंपनीत ती शिलाईच्या लाईनवर बसते. दिवसभर कॉलर.

"अभ्यास कधी करता?" असं विचारलं तेव्हा तिनं बोटं मोडून हिशेब दिला नाही. एकच आकडा सांगितला, ४५ मिनिटं. जाताना ४५, येताना ४५. येताना बऱ्याचदा उभं राहावं लागतं, मग ते धरायचे नाहीत. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून ती स्वतःच्या हिमतीवर रोज येऊ-जाऊ शकते. आषाढात तुकोबांची पालखी ह्याच रस्त्यानं जाते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, गाड्या दुसरीकडून वळवतात. त्या दिवसांचा अभ्यास बुडाला, हे तिनं पालखीला हात जोडूनच सांगितलं.

शाळेत परत जायचं तिनं ठरवलं ते अंगणवाडीच्या भरतीमुळं. वस्तीच्या जवळच जागा निघाली, मुलगी नजरेसमोर राहिली असती. चौकशी केली तर कळलं, आता बारावी लागते. हिच्याकडं दहावीसुद्धा नव्हती. मग कुणीतरी सांगितलं, "सतरा नंबर भर." शाळा सुटलेल्या माणसासाठी राज्य मंडळाचा हा १७ नंबरचा फॉर्म म्हणजे मागच्या दाराची कडी. तुम्ही खाजगी विद्यार्थी म्हणून नोंदणी करता, एक शाळा तुमचं संपर्क केंद्र होते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या बाकांवर तुम्ही बसता. कागद लागतात थोडेच: शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो.

पण त्या थोड्या कागदांत हिचं सगळं आयुष्य अडकलेलं. दाखल्यावर बापाचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. बँकेत सासरचं, कंपनीच्या कार्डावर सासरचं. परीक्षेची नोंद मात्र जुन्या दाखल्याप्रमाणंच व्हायची. त्यामुळं हिनं न मागता, कोर्टानं काही न ठरवता, एका कागदावर तिचं जुनं नाव परत आलं. पिशवीतून घडी काढून तिनं मला ते दाखवलं. "सोळा वर्षांनी कुणीतरी ह्या नावानं लिहिलंय मला," ती म्हणाली. मुलीच्या दाखल्यावर वडिलांचंच नाव आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचा नियम झाला, पण ही पोर त्याच्या कितीतरी आधीची. एका पडवीत राहणाऱ्या मायलेकींची आडनावं आता वेगळी, आणि जिथं तिथं त्याचा खुलासा करायचा तो हिनं.

दुसरा एक फॉर्म तिनं ह्याच्या आधी भरला होता, लाडकी बहीण योजनेचा. त्यात विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार असे प्रकार. विवाहित म्हणावं तर संसार नाही, घटस्फोटित म्हणावं तर कागद नाही. फॉर्म भरणाऱ्या पोरानं परित्यक्ता लिहिलं. हिनं विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, टाकलेली.

"मी म्हटलं, मला कुणी टाकलं नाही. मी आलेय."

फॉर्मवर तसा रकानाच नाही. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनानं परित्यक्तांची परिषद भरवली. नवऱ्यानं टाकलेली बाई हा घराघरातला झाकलेला विषय तिथं चारचौघांत बोलला गेला, पोटगीबरोबर राहत्या घरातला हक्क मागितला गेला. अॅड. निशा शिवूरकरांनी त्या लढ्यावर पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातही 'टाकलेल्या स्त्रिया' हेच शब्द आहेत, कारण गावात हाच शब्द होता. तो शब्द उघड उच्चारणं ही त्या वेळची हिंमत होती. हिला तो शब्दच नको आहे, आणि मला तिचं पटतं.

वस्तीवर गेले तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते. भावानं दिलेली पडवी, एक बल्ब, भिंतीला पत्र्याची पेटी. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. भावजय बोलायला वाईट नाही, पण "दिवसभर बाहेर, रात्री पुस्तक" हे तिनं माझ्यासमोर दोनदा म्हटलं. तिचं तरी काय चुकलं? नणंदेची पोर दुपारभर तीच सांभाळते, शाळेतून आल्यावर खायला तीच घालते. नणंदेच्या ४५ मिनिटांसाठी ह्या बाईचे रोजचे कितीतरी तास जातात, आणि ते कुठल्याच फॉर्मवर येत नाहीत.

बीजगणितात पहिलाच धडा दोन चलांतील रेषीय समीकरणांचा. तिथं तिचे दोन महिने गेले. वस्तीवरच्या एका निवृत्त गुरुजींनी रविवारी बसून समजावलं, मग सुटलं. अर्थनियोजन मात्र तिला सोपं गेलं. जीएसटी, टक्केवारी हे तर लाईनवर रोजचंच, ती म्हणाली. तासाचं टार्गेट, त्यातलं झालं किती, राहिलं किती, हे तोंडी करायची तिला सवय. इंग्रजीला ती घाबरते. दर वेळी एकच वाक्य: "३५ पाहिजेत फक्त."

भूगोल मुलगी घेते. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारीशेजारी शिकवलेत. पोर पुस्तक धरून मास्तरणीसारखी विचारत होती.

"ब्राझीलची राजधानी?"

"ब्राझीलिया."

"तिथं ऊस असतो का?"

"आपल्यापेक्षा जास्त."

"मग तिथल्या एसटीत पण मळीचा वास येतो?"

आजी चुलीपुढून हसली. उत्तर पुस्तकात नव्हतं, म्हणून पोरीनं पान उलटलं.

२०२२ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला तेव्हा बारामतीतल्या एका मायलेकाची बातमी सगळीकडं झळकली होती. आई आणि मुलगा एकाच वर्षी पास. मलाही ती वाचून भरून आलं होतं. त्या बातम्यांतून 'जिद्द' हा शब्द फार येतो. ह्या वस्तीवर जाऊन आल्यापासून तो शब्द माझ्याच्यानं लिहवत नाही. जिद्द हिच्याकडं लग्नाच्या आधीही असेल, सासरीही असेल. नव्हती ती मोकळी ४५ मिनिटं, आणि पोरीला धरणारं माणूस. पार्वतीबाई आठवल्यांचंच घ्या. त्यांना विसाव्या वर्षी वैधव्य आलं, पदरात एक मुलगा. पंचविशी उलटल्यावर त्या शिकायला लागल्या आणि १९१८ मध्ये इंग्रजी शिकायला थेट अमेरिकेला गेल्या, तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. त्यांच्या धाडसाबद्दल मी शाळेपासून ऐकत आले. पण त्यांना पुण्यात बहिणीचं, बाया कर्व्यांचं घर होतं, हे मला कुणी तितक्या आवाजात सांगितलं नाही. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या बाईला शिकवायचं असेल तर आधी तिच्या पोराची दुपार कुणीतरी उचलावी लागते. तालुक्याच्या गावी अभ्यासिका पुष्कळ निघाल्या आहेत. पोराला कडेवर घेऊन आत जाता येईल अशी एकही मी पाहिली नाही.

तारखेचा एक दिवस मी तिच्याबरोबर कोर्टातही बसले. पुकारा झाला, समोरचे वकील आले नाहीत, पुढची तारीख मिळाली. दिवसाची मजुरी गेली. कोर्टाच्या पायरीवर तिनं पिशवीतून विज्ञान काढलं आणि गुरुत्वाकर्षण वाचायला घेतलं. घर ते कोर्ट हे अंतर तिच्या हिशेबात वेगळं धरलेलं नव्हतं. तेही ४५.

पुढचं तिनं फार लांबवर ठरवलेलं नाही. दहावी, मग परत सतरा नंबरनं बारावी. १९८९ साली सुरू झालेलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ घरी बसून पदवी देतं, हे मी सांगितलं तर ती म्हणाली, "आधी ३५ पडू द्या."

भूगोलाच्या पेपरच्या दिवशी मी मुद्दाम ती गाडी पकडली. मार्च अर्धा सरला होता, खिडक्या आता उघड्या होत्या, ऊन आत्तापासूनच चटकत होतं. रस्त्याकडेची रानं तुटून मोकळी झाली होती, कुठं पाचट पेटलेलं. ती खिडकीशी बसली होती. हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पदराला पिन केलेलं, मांडीवर ब्राझीलचा नकाशा. अंथुर्णे सुटलं, बेलवाडी गेली, सणसर गेलं. भवानीनगरचा थांबा आला, चार माणसं उतरली, दोन चढली, कंडक्टरनं घंटी दिली.

ती वाचतच होती. काटेवाडी आली तेव्हा मला राहवलं नाही. "पुस्तक मिटायचं राहिलं की," मी म्हटलं.

तिनं मान वर करून बाहेर पाहिलं, मग हुंगल्यासारखं केलं. "कारखान्याचा पट्टा पडला वाटतं," ती म्हणाली. "वासच नाही आला." आणि अॅमेझॉनच्या खोऱ्यावर बोट ठेवून पुन्हा वाचू लागली, बारामतीचा स्टँड येईपर्यंत.