बोल्ट किती आवळावा?

बोल्ट जितका जास्त आवळावा तितका चांगला, असे तुम्हांला वाटते का? मग १९६४ सालच्या शेवरोले शेवेल या अमेरिकन मोटारीचे उदाहरण पाहू. या गाडीची बॉडी पोलादी चासीवर रबराच्या गाद्यांवर बसवलेली असते. प्रत्येक गादीच्या मधल्या पोलादी नळीतून बोल्ट जातो. रबर हादरे शोषते, तर नळी रबराला चिरडू देत नाही. जुनी गाडी पुन्हा उभी करताना हे बोल्ट नेमके आवळावे लागतात.

का बरे? बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंगच होय. तो आवळला की किंचित लांबतो आणि पूर्ववत होऊ पाहताना दोन्ही भाग एकमेकांकडे ओढून धरतो. ही ओढ कमी पडली तर बोल्ट हादऱ्यांनी सैल होतो. ती फार झाली तर बोल्ट लवचीकतेची मर्यादा ओलांडतो आणि पुढे तुटू शकतो.

आता थोडे गणित करू. २० सेंमी लांब पान्याच्या टोकाला १५० न्यूटन बल लावले, तर आघूर्ण होईल १५० × ०.२ = ३० न्यूटन-मीटर. ओढ काढण्याचे ढोबळ सूत्र असे :

ओढ = आघूर्ण ÷ (क × बोल्टचा व्यास)

कोरड्या पोलादी आट्यांसाठी ‘क’ सुमारे ०.२ असतो. म्हणून १० मिमी व्यासाच्या बोल्टमध्ये १५,००० न्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन वजनाइतकी ओढ निर्माण होते!

आट्यांना तेल लावले तर ‘क’ सुमारे ०.१५ होतो आणि तेवढ्याच आघूर्णाने ओढ २०,००० न्यूटनवर जाते. साध्या मृदू पोलादाच्या बोल्टला ती झेपणार नाही. असे का होते? आपल्या श्रमांपैकी सुमारे ९० टक्के घर्षणातच खर्च होतात. बोल्ट ताणण्यास जेमतेम १० टक्के उरतात. त्यामुळे घर्षण थोडे घटले तरी ओढ बरीच वाढते. गंजलेल्या आट्यांत उलट घडते. टॉर्क पाना ‘पुरे’ म्हणतो, पण बोल्टमध्ये पुरेशी ओढ नसते! पाना मोजतो ते आघूर्ण, ओढ नव्हे.

म्हणून कुशल कारागीर आधी आटे साफ करतो. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हे तो पाहतो. सर्व बोल्ट प्रथम हातानेच बसवून मग दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळतो. एकच बाजू आधी आवळली तर बॉडीला पीळ बसतो आणि दारे नीट लागत नाहीत.

घरी एक प्रयोग करा. एका गंजक्या बोल्टवर नट हाताने फिरवून पाहा. मग आटे घासून, तेलाचा थेंब सोडून पुन्हा फिरवा. बोटांना जाणवणारा फरक हाच ‘क’मधला फरक!