तीनशे पावले

मी मराठीचा अध्यापक. ‘पादचारी’ या शब्दाचा विग्रह वर्गात वर्षानुवर्षे करीत आलो; त्याचा अर्थ मात्र मला आईने शिकवला.

आई पंच्याहत्तरीची आहे. एके काळी तिने आळंदी ते पंढरपूर पायी वारी सात वेळा केली. दिवेघाटात तरण्या सुना कशा मागे पडत, हे ती अजून मोठ्या तोऱ्यात सांगते. तीच बाई घराजवळच्या देवळात जाईनाशी झाली. देऊळ अवघ्या तीनशे पावलांवर! गुडघे दुखत असतील, असे आम्ही समजलो.

“गुडघ्यांना काही झालेलं नाही,” ती म्हणाली, “एकदा माझ्याबरोबर चालून बघ.”

गेलो. तेवढ्या वाटेत तिला पाच वेळा फूटपाथवरून उतरावे आणि पाच वेळा चढावे लागले. कुठे विजेची पेटी, कुठे दुकानाची पायरीच पुढे आलेली. आणि पहिलेच उतरणे आमच्या दारासमोर! तिथे माझीच स्कूटर उभी होती. आई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन मी फूटपाथची उंची मोजली. २६ सेंटिमीटर! आमच्या जिन्याची पायरीसुद्धा १७ची आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शनाप्रमाणे ही उंची १५हून अधिक नसावी आणि चालायला मोकळी जागा निदान १.८ मीटर रुंद असावी. विनाअडथळा फूटपाथ हा नागरिकाचा घटनादत्त हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५मध्ये स्पष्ट केले. आम्ही धडधाकट माणसे पटकन रस्त्यावर उतरून पुढे जातो, म्हणून आम्हांला हे खुपत नाही. म्हाताऱ्या माणसाला मात्र ती एक पायरी घरात कोंडून ठेवते.

पुण्यात २०२१ सालापासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळू लागले. लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या दिवशी वाहनांना बंद असतो. एकदा आईला तिथे घेऊन गेलो. भर रस्त्यातून ती माझा हात न धरता चालली. परतताना विचारले, “कसं वाटलं?”

“छान रे,” ती म्हणाली, “पण देवळात रोज जावं लागतं.”

माझी स्कूटर आता फाटकाच्या आत असते. आईचे एक उतरणे वाचले. चार उरली आहेत. यंदा फराळाला येणाऱ्या शेजाऱ्यांपुढे चकलीच्या आधी हाच विषय काढणार आहे.